टूरिंग सायकल आणि वाचनालयाची किल्ली

२ एप्रिल
बुलढाण्याचं वाचनालय आज पुन्हा उशिरा उघडलं. दोष आमच्या देऊळघाटहून येणाऱ्या एस.टी.चा. सचिव म्हणाले, आता एकदा जरी सातचे साडेसात झाले तर किल्ली वाचनालयाशेजारच्या धम्मशीलाकडे. काल एम.ए. झालेली पोरगी! मी अकरा वर्षं ते कुलूप उघडतो आहे. कुलपाला अनुभव लागतो.

४ एप्रिल
धम्मरत्न गुरुजींची जुनी टूरिंग सायकल आणली. वाकडं हँडल, दहा गिअर. ते तिच्यावर कन्याकुमारीला जाऊन आले. बुलढाणा म्हणजे अंगणच. एस.टी.ला रामराम.

५ एप्रिल
सायकलवाला इंद्रभान म्हणे, काका, चेनले मशीनचंच तेल टाकजा. पंक्चर काढणाऱ्यानं मला शिकवावं! वडिलांनी बैलगाडीचं लाकूड जवसाच्या तेलावर चाळीस वर्षं टिकवलं. लोखंड काय वेगळं मागतं?

६ एप्रिल
चेन, गिअर, चाकाचा हब, सगळीकडे जवसाचं तेल. सढळ हातानं. बायको कोकिळा म्हणे, चटणीले थेंब नाही ठेवला, सायकल जेवाले बसवता का? यंत्रातलं हिला काय कळणार.
चाक मात्र असं फिरलं की बघत राहावं.

७ एप्रिल
शेजारी किसनराव मोटरसायकलवर मागं बसवून नेतो म्हणाले. पेट्रोल जाळणाऱ्यांचे उपकार नकोत. आठवडाभर एस.टी.च. सायकल गच्चीवर, उन्हात. लोणच्यासारखं तेल मुरलं पाहिजे.

१५ एप्रिल, पहाटे ५.४०
आठवडाभर एस.टी. नेमकी वेळेवर आली. आजपासून मात्र सायकल. किल्ली खिशात. चेन जरा कडक लागते आहे. असेल नव्या तेलाचा ताठा.

१५ एप्रिल, दुपार
तेलाचा डिंक झालेला. वेशीपर्यंत कसंबसं गेलो, पुढे पायडल हलेना. मागून किसनराव. गाडी थांबवून म्हणे, काऊन बे, बैल बसला का? ये, बस मागं.
म्हटलं, छे, गुडघे मोकळे करून राह्यलो.
ते म्हणे, हाव, कर मग. गेले.
बुलढाण्यात पायी पोचलो. सव्वाआठ. पायरीवर सात माणसं, आणि सचिव. त्यांनी नुसता हात पुढे केला.

१६ एप्रिल
धम्मशीला किती वाजता उघडते ते तपासायला गेलो. पावणेसातलाच उघडं. झाडलेलं सुद्धा. उतावीळ पोरगी.
पेपर उचलला तर म्हणे, काका, तुमचं कार्ड? अकरा वर्षांत कार्ड कशाला काढू! तिनं फॉर्म दिला. खाली ओळखणाऱ्या सभासदाची सही लागते.
इकडंतिकडं पाहिलं, सही द्यायला दुसरं कुणी नाही. तिनंच केली.