बायोलॉजीऐवजी डेअरी

२७ जून १९९६, दौंड
मोनालीला दहावीत ब्याऐंशी टक्के. डॉक्टर व्हायचं म्हणते, लहानपणापासून. अकरावीचे विषय मीच ठरवणार. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत ऑपरेटर आहे, सायन्स घरचंच.

२९ जून
बायको राजश्री म्हणाली, एकदा कॉलेजातल्या सरांना इचारा की. बायकांना धीर नसतो. कंपनीतल्या नवनाथच्या भाच्यानं अकरावीला डेअरी घेतली होती. दोनशे मार्कांचा विषय, मार्क धो धो. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. गणित सोडायचं नाही, डॉक्टरला डोस काढावे लागतात. बायोलॉजी सोडलं. आकृत्या फार. शिवाय डेअरीत गाईची पचनसंस्था असतेच. आत सगळं सारखंच.

१ जुलै
ॲडमिशन झाली. शेजारचे साहेबराव म्हणाले, "म्हशी धुवायला शिकवनार व्हय पोरीला?" जळतात.
वर्गातल्या मुलीही हसल्या म्हणे. मोनालीनं ठणकावलं, आमचे पप्पा औषधाच्या कंपनीत आहेत, त्यांना माहीत असतं. बरं वाटलं. झोप मात्र लागेना. चहा जास्त झाला असणार.

६ जुलै, शनिवार, दुपार
नाइट करून आल्यावर मला उठवायचं नाही, हा घरचा कायदा. मोनालीनं उठवलं. विषय बदलायचा आज शेवटचा दिवस, पालक लागतात, सर म्हणतात मेडिकलला बायोलॉजी पाहिजेच. मी म्हणालो, सरांना स्वतःचा वर्ग भरायचा असेल. मग "बरं" म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीये. परत डोळा लागला नाही. उकाडा.

९ जुलै
कंपनीत तपासणीला डॉक्टर आले होते. अभिमानानं विषय सांगितले. त्यांनी कानातला स्टेथोस्कोप काढून पुन्हा विचारलं, बायोलॉजी नाही? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, एवढ्याचेच मार्क धरतात म्हणाले. माझं बीपी जास्त निघालं. मशीन जुनं आहे.

१० जुलै
ड्यूटी बुडवून कॉलेज. आधी आवाज चढवला, मग हात जोडले. क्लार्क म्हणाला, यादी पुण्याला गेली, शनिवारी कुठं होता?
मोनाली बाहेर सायकल धरून उभी. दोघं चालतच निघालो. रडली नाही. मीच बोलत राहिलो. म्हणालो, जनावरांची डॉक्टर हो. डेअरीनं पाया पक्का होईल.
फाटकापाशी थांबलो, मालगाडी जात होती. ती संपल्यावर म्हणाली,
"पप्पा, त्यालापण बायोलॉजी लागतं."