माईनमूळ दुर्मिळ नाही

धायरी, पुणे
१८ सप्टेंबर २०२४

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम व मंगल कामना.

तुझ्या बापाने परवा येऊन माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी भरून दिलं आणि आता मेसेज करत जा म्हणून सांगून गेला. गेल्या वर्षीच्या तापात माझे कान गेले, हात नाहीत. लिहिता येतंय तोवर मी पत्रच लिहिणार. कोल्हापुरात पोस्टमन अजून हिंडतात असं धरून चालते.

तू वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करतेस, त्याचा आज मला उपयोग करून घ्यायचा आहे. आमच्या बिल्डिंगमागे टेकडीचा थोडा उतार शिल्लक आहे. तिथे खडकाच्या फटींतून एक झुडूप येतं, गुडघ्याएवढं, वर निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे. ऐकू येईनासं झाल्यापासून मी सकाळचा चहा तिथेच घेते. तो उतार सपाट करून पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि गाड्या लावायच्या, असं सोसायटीच्या सभेत ठरलं. त्या सभेला मी हजर होते. सेक्रेटरी इंद्रजीतराव बोलत होते, लोक माना हलवत होते आणि मी त्यांच्या मिशा बघत बसले होते. कोणाचा विरोध आहे का, असं त्यांनी विचारलं असावं. इतिवृत्तात आलं, 'सर्वानुमते मंजूर'. म्हणजे माझंही मत त्यात धरलं. पाटबंधारे खात्यात मी उभा जन्म इतिवृत्तं लिहिण्यात घालवला आहे. गप्प बसलेल्या माणसाचा होकार कसा धरतात, हे मला कोणी शिकवू नये.

मी भांडणार आहे. पण 'ते निळं झाड' म्हणून भांडता येत नाही. नाव कळव.

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेलही.
तुझी चंपाआत्या


कोल्हापूर
२४ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. होस्टेलच्या मावशींनी ते मला दोन्ही हातांनी दिलं, कोर्टाचं असावं अशा चेहऱ्याने.

तुझ्या वर्णनावर नाव सांगितलं तर आमच्या मॅडम मला हाकलून देतील. आधी एवढं बघ. खोड बोटांत धरून फिरव, गोल आहे की चौकोनी? पानं समोरासमोर जोडीने येतात का? पान चुरगळून वास घे. एक फूल तळहातावर उलटं-सुलटं करून त्याचा खालचा ओठ कसा आहे ते लिही. आणि एका झुडपाच्या बाजूची माती हळूच उकरून मुळं बघ. मला तुळशीच्या कुळातलं वाटतंय, पण त्या कुळाचा पसारा फार मोठा आहे.

पप्पांचा फोन आला होता. मी तुला चढवते आहे, असं त्यांचं म्हणणं. आत्याला चढवावं लागत नाही, ती आधीच वर असते, एवढंच मी म्हटलं. तरी एकटीच सगळ्यांशी वैर घेऊ नकोस. रात्री-अपरात्री काही लागलं तर तेच लोक धावून येणार आहेत. तेवढी काळजी वाटते.

तुझ्या मायेची हक्कदार,
अक्षता


धायरी
२ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षूस,
सप्रेम जयभीम.

खोड चौकोनी. पानं समोरासमोर, जाड, लोकरीसारखी मऊ, भज्यांसाठी लावतात त्या पानाच्या ओव्याची आठवण करून देणारी, पण लांबट. वास उग्र, मला आवडला. फुलाचा खालचा ओठ होडीसारखा आहे आणि आतले केसर त्या होडीत आडवे झोपलेत. मुळं जाडजूड, हडकुळ्या गाजरांसारखी. माती उकरताना वरच्या गॅलऱ्यांतून बरीच डोकी बाहेर आली होती. मी हात केला.

इतिवृत्त दुरुस्त करा आणि पुन्हा सभा घ्या, असा अर्ज मी दिला. त्यावर इंद्रजीतराव घरी आले आणि दारातच ओठ हलवू लागले. मी वही-पेन पुढे केलं. त्यांनी लिहिलं, 'काकू, रानगवतासाठी एवढं काय? सगळ्यांची सोय बघा.' मी खाली लिहिलं, 'सगळ्यांत मी येते का?' त्यांनी वही पुन्हा ओढून घेतली. मग लिहिलं, 'सभा घेऊ.' माणूस वाईट नाही. त्याला फक्त नाही ऐकायची सवय नाही. मला तर काहीच ऐकायची सवय राहिलेली नाही, तेव्हा जोडी बरी जमेल.

वैराचं म्हणशील, तर चहाला अजून सगळे येतात. माझ्या नकाराने ज्यांचं येणं बंद होईल, ते रात्री-अपरात्रीही येणार नाहीत.

तुझं उत्तर सभेआधी येईल या भरवशावर,
चंपाआत्या


कोल्हापूर
९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

मॅडमना तुझं पत्र वाचून दाखवलं. फुलातली होडी ऐकल्यावर त्यांनी लगेच मान डोलावली. हे माईनमूळ. शास्त्रीय नाव कोलियस बार्बाटस. आपल्याच डोंगरउतारांवरचं, वर्षानुवर्षं जगणारं. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, मेलंच असं वाटतं, पण त्या जाड मुळांत जीव राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतं.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. हे दुर्मिळ नाही, आत्या. संरक्षित यादीत वगैरे नाही. सभेत तसं काही बोलू नकोस. कोणीतरी शोधून काढेल आणि तू खोटी ठरशील.

काही झालं तरी थोडी कलमं करून ठेव. फुलं न आलेले शेंडे पेराच्या खाली काप, खालची पानं काढ, निम्मी वाळू घातलेल्या मातीत खोच आणि सावलीत ठेव. पाणी बेताने, नाहीतर कुजतील. कलमं केलीस म्हणजे हार मानलीस असं नाही, हे तुझ्या स्वभावासाठी मुद्दाम लिहिते.

सभेत आवाज चढला तर चढू दे.
तुझीच अक्षता


धायरी
२२ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षूस,
सप्रेम जयभीम.

सभा झाली आणि मी हरले. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

खालच्या मजल्यावरच्या निशाने तिच्या क्लासचा पांढरा फळा आणून दिला. ज्याला बोलायचं त्याने आधी फळ्यावर लिहावं, असं मी सांगितलं. लोक चिडले. पण गंमत बघ, तोंडाने भराभर बोलणारे हातात पेन आलं की घुटमळतात. एकाने 'साप निघतात' असं लिहिलं. तुम्ही पाहिलात का, असं विचारल्यावर त्याने स्वतःच पुसून टाकलं. मग इंद्रजीतरावांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे झाड दुर्मिळ आहे का?'

मी उभी राहिले. माझा आवाज मला कळत नाही, निशा म्हणते रस्त्यापर्यंत गेला. मी म्हटलं, नाही, दुर्मिळ नाही. मीही दुर्मिळ नाही. पेन्शन घेणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, कमी ऐकणाऱ्या बायका या शहरात पुष्कळ आहेत. पुष्कळ आहे म्हणून पुसून टाकायचं असेल तर तसं खुशाल लिहा, पण त्याखाली माझं नाव घालू नका.

मतं पेव्हर ब्लॉकच्या बाजूने पडली. गाड्या सगळ्यांकडे आहेत. पण 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने. श्रीमती चंपा गायकवाड यांचा विरोध नोंदवून' असं लिहून घेतल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही. माझ्याबरोबर निशाचा आणि वरच्या शेफालीचाही विरोध नोंदवला गेला, ते मी धरलंच नव्हतं.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघींनी मुळांसकट निघतील तेवढी झुडपं काढली, शेंडे छाटून कुंड्यांत सावलीला खोचले आणि झुडपं फाटकाजवळच्या ओसाड पट्टीत लावली. ती पट्टी सोसायटीची, म्हणजे माझीही. इंद्रजीतरावांनी नोटीस लावली, 'विनापरवाना लागवड'. मी त्याखाली लिहिलं, 'परवाना कोणत्या नियमाने लागतो ते कळवावे.' अजून कळवलेलं नाही.

परवा मशीन आलं. मी चहा घेऊन शेवटपर्यंत तिथेच उभी होते. रडले थोडी. बापाला सांगू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
चंपाआत्या


धायरी
९ जुलै २०२५

चि. अक्षूस,
सप्रेम जयभीम.

पास झालीस, मनापासून अभिनंदन. पेढे तुझ्या बापाबरोबर पाठवते, पोचतील तेवढे तुझे.

मे महिन्यात फाटकाजवळचं सगळं वाळून काड्या झाल्या होत्या. मेलेली झाडं उपटून टाकावीत, असं कमिटीने ठरवलं. वॉचमनला मी खुणेने नाही म्हटलं आणि खुर्ची टाकून तिथेच बसले. निशा क्लास आटोपून आली की ती बसायची. तू लिहिलं होतंस तरी मनातून धाकधूक होती. काही रोपं गेलीच. बाकीच्यांना गेल्या आठवड्यापासून जमिनीतून फुटवे आलेत, लोकरीच्या पानांचे. सावलीतल्या कलमांचीही रोपं झाली. इंद्रजीतरावांच्या आई सोजरबाई एक मागून घेऊन गेल्या. त्यांनी रोप पदराखाली धरलं आणि मुलाच्या समोरून नेलं.

पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक आहे. माझं वय झालं, प्रकृती बघावी, कशाला त्रास, असं तुझ्या बापाने, दशरथने, चार पानं भरून लिहिलंय. पत्र लिहायला शिकला, हे चांगलं झालं. त्याला तूच कळव, मी सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरला आहे.

मत देता येत नसलं तरी प्रचाराला ये.
तुझी चंपाआत्या