पंचाच्या घरातलं पोरगं

पप्पा, गेल्या ऐतवारी मी चर्चमध्ये उभा राहून सगळ्यांदेखत खोटं बोललो. ते बी पाळकसाहेबांच्या तोंडावर, आमेन म्हणून तोंड पुरतं मिटलं बी नव्हतं तवा. तुमी असतासा तर कान धरून भाईर न्हेलं असतं मला. तुमाला माती देऊन आता बरीच वर्सं झाली, कान धरायला कोण न्हाय, म्हणून हे लिवतोय. माझं लिवणं तुमाला ठावंच हाय. नववीत मास्तरनी वही बगून विचारलं हुतं, हे मराठी हाय का मुंग्या सोडल्यात? आजून तसलंच हाय. माझ्या साऊंड-स्पीकरच्या टेम्पोत बसलोय, मांडीवर पुठ्ठा घेतलाय, आणि घरातनं मम्मी दोनदा हाक मारून गेली, "आरं, जेवतोस का कागद खातोस?"

सुरवातीपास्नं सांगतो. सायकलवाले मामा आठवतात न्हवं? स्टँडाच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान, नात्यानं कुणाचेच न्हाईत पण आख्खी मंडळी त्यांना मामा म्हणती. तुमचं नाव मंडळीचा पंच म्हणून पुढं आलतं तवा तेच आडवे आलते. आणि आले ते माझ्यामुळं. तुमी दुधाचा टेम्पो घेऊन गगनबावड्याकडं जायचासा, तिकडनं कोकमाचं आगळ आणलं हुतं, खारट, आंबट, काळंजांभळं. मी त्यातलं निम्मं प्रभुभोजनाच्या द्राक्षरसात वतलं. रंगाला रंग मिळाला, कुणाला काय कळंना. मजा अशी की प्रभुभोजनाचा रस, थुकता येत न्हाय, तोंड वाकडं करता येत न्हाय. आख्खी मंडळी डोळे गच्च मिटून बसलीया आणि मी मनात म्हणतोय, आज काय भक्ती उतरलीया! पाळकसाहेबांची प्रार्थना त्या दिशी लई आखूड झाली. फकस्त मागल्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आज रसाला जरा चव हाय बाई." तुमी पेला ठेवलासा आणि मागं वळून माझ्याकडं बगितलासा. बाटली तुमीच आणलीती, चव बरोबर वळाकली, आणि तुमच्या नजरंमागं मामांची बी नजर माझ्यावर आली.

मग मंडळीची सभा. मी दाराच्या भाईर चपलांत बसून ऐकतोय. मामा उठतात, हातात बायबल, पौलानं तीमथ्याला धाडलेलं पत्र उघडलेलं. म्हणतात, "पंच कसला असावा ते हितं लिवलंय. ज्याचं घरातलं पोरगं ताब्यात न्हाय, त्यानं देवाची मंडळी कशी सांबाळायची? मी काय माझ्या मनाचं बोलत न्हाय." पंखा तेवढा कुरकुर करतोय. मला वाटतंय, आता पप्पा उठणार आणि मामांना पार धुणार. तुमी उठतासा, आणि म्हणतासा, "मामा बरोबर बोलल्यात. माझं घर आजून माझ्या हातात न्हाय. माझं नाव काढा." आणि खाली मान घालून बसतासा. पप्पा, तुमचं मानंवरचं केस त्या दिशी पहिल्यांदा पांढरं दिसलं मला. आदी कवा बगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर मार पडणार म्हणून मी दोन चड्ड्या घातल्या. तुमी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलासा, मम्मीला म्हणालासा चहा ठेव, आणि मला म्हणालासा, "हितं बस. ते पत्र वाच मला." मी वाचाया लागलो, अडकत अडकत. एका बायकोचा नवरा असावा. तुमी म्हणालासा, "हाय का?" मी म्हटलं, हाय की, चहा करतीया. दारूडा नसावा. न्हाय. मारामाऱ्या करणारा नसावा, पैशाच्या मागं लागलेला नसावा. न्हाय, न्हाय. आल्यागेल्याला जेवाय घालणारा असावा. मम्मी तिकडनंच म्हणाली, "त्यात तर पयला नंबर, मलाच भाकरी उरत न्हाय." तुमी म्हणालासा, "मग कशात नापास झालो सांग." मी म्हटलं, "सगळं बसतंय पप्पा. एकच न्हाय." "कंचं?" "मी." तुमी एवढं हसलासा की चहा नाकातनं आला. आणि मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसलासा, लई येळ, काच कवाच पुसून झालती तरी. मारलं न्हाई. एवढंच म्हणालासा, "माप खरं हाय लेका. पर ते आपल्या उंचीला लावायचं असतंय, दुसऱ्याच्या पाठीत घालायचं न्हाय." त्या दिशी मला ते कळलं न्हाय. मार पडला असता तर बरं झालं असतं, असंच वाटलं.

तर आता मामांचं नाव पंचाला आलंय. पाळकसाहेब नवीन हायत, लई चौकस. शास्त्रात भाईरच्यांची साक्ष बी लागती म्हणून दुकानाशेजारच्या भुसारवाल्या आप्पांना जाऊन विचारलं. ते लिंगायत माणूस, त्यांना आपल्या चर्चचं काय देणंघेणं? तरी म्हणाले, "पावणं, ह्या माणसानं पंक्चर नसताना कवा पंक्चर काढलं न्हाय. आणि काय पायजे?" मामा तसे सरळच. पर मामी गेल्या, आणि तवापास्नं त्या घरात दोन माणसं नुसती भिंतीला टेकून ऱ्हात्यात. एक मामा, एक त्यांचं पोरगं. पोरगं कालेजात हाय, माझ्या मागं मागं दादा दादा करत फिरतंय. पियाला लागलंय ते मला ठावं हुतं. मामांना नव्हतं.

शनवारी दुपारी मी चर्चमध्ये माईक लावाया गेलो, तर गेटात मामांची तांबडी मोपेड आडवी. नळाचा पाईप मोडून पाण्याचं कारंजं उडालंय, बायकांनी हौसेनं लावलेल्या कुंड्यांचा चुराडा, आणि हे बेनं चिखलात पाय पसरून बसलंय. मला बगून म्हणतंय, "दादा, नळच मधी आला." मी म्हटलं, "व्हय, नळाला चालायची सवयच हाय." साफसफाईच्या बायका यायची येळ झालती. मेन कॉक बंद केला, पोरगं आणि मोपेड दोन्ही टेम्पोत घातलं, वर स्पीकरची ताडपत्री वढली आणि आपल्या घरी आणलं.

मम्मीनं दार उघडलं आणि वासानंच तिला कळलं. लिंबू पिळता पिळता मला म्हणाली, "ह्याच्याच बापानं भर सभेत तुझ्या पप्पांची मान खाली घालाय लावली. आता देवानं बरोबर फेडलं." असं म्हणती आणि पोराच्या डोक्यावर गार पाण्याची पट्टी बी ठेवती, तुमाला ठावंच हाय तिचं. पोरगं शुद्धीवर आलं तसं रडाया लागलं. "दादा, पप्पांनी पंचाचं ऐकल्यापास्नं पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. घरात आम्ही बोलतच न्हाई, पर काल मला विचारलं, कसा दिसतोय रे? मी उत्तर बी दिलं न्हाई." मम्मीनं तोंड फिरवलं आणि गॅस बारीक केला, गॅसवर काय सुदीक नव्हतं.

खरं सांगतो पप्पा, ऐतवारी चर्चला गेलो तवा माझ्या मनात काय ठरलेलं नव्हतं. उलट वाटत हुतं, बरं झालं, मामांनीच उघडलेलं पान हाय, आता त्यांनीच वाचावं. उपासना झाली, सभा सुरू झाली. पाळकसाहेबांनी नळाचं इचारलं. कुणीतरी मागनं म्हणालं, "तांबडी मोपेड दिसली म्हणं गेटात." गावात तांबड्या मोपेडी काय कमी हायत? पर मामांचं तोंड उतरलं. पोरगं शनवारी कुठं हुतं ते त्यांनी विचारलं नसंल, पर बापाला कळतंयच की. मामा पांढऱ्या शर्टात, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उटाया लागले, आणि मला बरोबर कळलं ते काय बोलणार. तेच वाक्य. माझं नाव काढा. मानंवरचे केस सगळे पांढरे.

मी उठलो. "साहेब, ते मीच. टेम्पो मागं घेताना पाईपला घासला. म्हटलं, बायका आल्यावर कारंजं बगून खूश हुतील, म्हणून तसंच सोडलं." सगळी मंडळी हुश्श करून हसली. एक माणूस म्हणाला न्हाय की हे खोटं हाय. पप्पा, आयुष्यभर जी बदनामी कमावली, ती पहिल्यांदा कुठंतरी चालली. पाळकसाहेब मातूर हसले न्हाईत. तरुण संघाचं काम माझ्याकडं द्यायचं त्यांच्या मनात हुतं, मम्मीनं तर निम्म्या गल्लीला सांगितलंय. साहेब म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही आता सुधारलात. तरुणांच्या कामाचं पुढच्या वर्षी बघू." मी म्हटलं, बगूया की. आणि भाईर आल्यावर मामा माझ्यासमोर येऊन उभे ऱ्हायले. मला वाटलं कळलं. तर म्हणतात कसे, "लाज वाटू दे जरा. बापाच्या नावाकडं तरी बगायचं हुतंस." पप्पा, जिभेवर आलतं. दाताखाली धरून ठेवली. म्हटलं, "चुकलं मामा."

मामांचं नाव पंचाला पक्कं झालं. येत्या ऐतवारी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना हाय. नळ मी बसवला, कुंड्या बी भरल्या, माती भरायला पोरगं हुतं संगट. त्याला म्हटलंय, हात ठेवायच्या आदी तू तुझ्या तोंडानं मामांना सांगायचं, मी सांगणार न्हाय. ते म्हणतंय सांगतो. रोज म्हणतंय. काल दुकानाच्या पायरीपत्तर गेलं, हवा भरून घेतली आणि परत आलं. माप खरं हाय हे मला बी कळतंय पप्पा. मी ते खोटं केलं का काय, ह्या भीतीनं झोप न्हाय. मामांनी ऐकून नाव काढलं तर काढू देत, तो त्यांचा मान हाय. पर पोराच्या तोंडनं ऐकून काढू देत, मागल्या बाकावरनं आलेल्या मोपेडीच्या रंगानं नको.

मम्मी म्हणती मोठं मन केलंस. मी तिला हूं म्हटलं. तुमाला खरं सांगतो, मामांसाठी काय केलं न्हाय मी. एका पोरापायी एक बाप मान खाली घालून बसताना एकदा बगितलाय, परत बगायचा दम माझ्यात नव्हता, एवढंच. हा कागद कुठं टाकायचा ते बी कळंना, तुमच्या गल्लीला काय पोस्टमन जात न्हाय. सीटखाली ठेवतो. पर तुमी तिकडनं वाचत असलासा तर पाया पडतो पप्पा, कुणाला बोलू नका. देवाला ठावंच असंल, त्याचं मी बगतो. पर मामी तिकडंच हायत. भेटल्या आणि पोराचं विचारलं तर म्हणा, झाडं लावतंय चर्चमध्ये. दारूचं तेवढं त्यांना सांगू नका.