ढब्बूला न शिकवलेला शब्द

४ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तुझ्यामागे कायम कुणीतरी हाका मारत असतं, म्हणून लिहितेय. तू बनवलेला शिकवणारा यंत्रमानव, ढब्बू, सुखरूप पोहोचला. खोक्यातून काढला तेव्हा तुझी भाची ठकू दाराआड लपली. आता त्याच्या शेजारून उठत नाही. तो कार्डं मांडतो, लाल कुठलं ते विचारतो, ठकूने बरोबर बोट ठेवलं की डोळे मिचकावून टाळ्या वाजवतो. रंग शिकवता शिकवता माझा घसा बसला होता. शाळेतल्या बाईंनीही हात टेकले होते. खरं सांगू, मी जरा जळतेच त्या यंत्रावर. ते दमत नाही. मी कपडे शिवून, तिचं सगळं करून दुपारपर्यंतच गळून जाते. तुझे भावोजी रात्रपाळीचे, त्यांना उठवायचं तरी कसं?

एक मात्र मनाला खातंय. ठकू त्याचं ऐकते तशी कुणाचंही ऐकते. परवा बागेत एका अनोळखी बाईने हात धरला, तर ही निघाली तिच्याबरोबर. ती बिचारी झोपाळ्यापर्यंतच नेत होती. पण घरी येईपर्यंत मी ठकूचा हात सोडला नाही. अकरा वर्षांची झाली रे ती. उद्या मोठी होईल.

माया आहेच, ती पत्रातूनही कळू दे.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्रावर जळणारी बहीण मिळायलाही भाग्य लागतं! ताई, एक गळ घालतो. आमच्या साहेबांनी खास शाळांच्या लोकांना ढब्बू बघायला बोलावलंय. इथल्या मुलांपैकी कुणी ठकूइतकं त्याच्याशी रमलं नाही. तिला आणि ढब्बूला घेऊन येशील? हे फसलं तर काम गुंडाळून आम्हाला खेळण्यातल्या गाड्या बनवायला बसवणार आहेत. त्याच्या मोटारींची घरघर कमी करण्यात माझं वर्ष गेलंय. झोपेतही ती ऐकू येते.

भावोजींना नमस्कार. राग न धरता ये.
तुझा खटपट्या

२ जुलै

चि. खटपट्यास,
तू बोलत नसलास तरी आशीर्वाद आहेतच.

ढब्बू दाखवायच्या त्या दिवशी तू आमच्याकडे न बघताच त्याला घेऊन आत निघून गेलास. तुझं काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक आहे. पण तू तुझ्या साहेबांकडे बघत होतास, मी ठकूकडे. पहिलं कार्ड तिने बरोबर दाखवलं. दुसऱ्याला जरा थबकली, तर साहेबांनी मागून येऊन तिचा हात धरला आणि कार्डावर नेऊन ठेवला. तिने हात ओढून घेतला आणि म्हणाली, नको. ढब्बू गोड आवाजात पुन्हा प्रयत्न करू या म्हणाला. ती परत म्हणाली, नको. तो थांबेना, तेव्हा तिने त्याच्या डोळ्यांवर आपला रुमाल टाकला आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिला परत बसव, असं तू मला खुणावत होतास. मी नाही बसवलं.

बोलायला लागल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकलाच नव्हता. बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या माणसाला वाटलं, आमच्यातलं कुणीतरी गेलं. त्याने खिडकीची जागा दिली.

रागावला असशील तर रागावूनच लिही, पण लिही.
तुझी ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ढब्बूसमोर बसून त्याला नको म्हणालो. तो म्हणाला, पुन्हा प्रयत्न करू या. जितक्यांदा नको म्हणावं तितका त्याला चेव. आम्ही त्याला चूक आणि बरोबर एवढंच शिकवलंय. नको म्हणजे त्याच्या लेखी चूक. आता मी तो बदललाय. मूल नको म्हणालं की तो हात खाली घेतो आणि पुन्हा बोलावेपर्यंत गप्प बसतो. साहेबांनी विचारलं, गप्प बसणारं यंत्र विकत कोण घेणार? काम बंद झालं. मी सोमवारपासून गाड्यांवर. हा बदललेला ढब्बू पुन्हा तुझ्याकडे पाठवतोय. बिघडलाय असं इथे सांगून ठेवलंय, तेव्हा परत पाठवायची घाई करू नकोस.

ठकूला पापा. धाकट्यावर लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा खटपट्या

९ ऑगस्ट

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

बिघडलेला ढब्बू पोहोचला. ठकू नको म्हणाली, त्याने हात खाली घेतले, तशी ही खदखदून हसली. मग दिवसभर तेच. आता आंघोळ नको, वेणी नको, झोप नको. तुझे भावोजी म्हणतात, मामाने बरा उद्योग लावून दिला. मी अगदी मेटाकुटीला आलेय.

काल शिवणावरून उठले, कंबर धरलेली. तिला जवळ घ्यायला हात पुढे केले तर म्हणाली, नको. लागलं रे मनाला. पण हात मागे घेतले आणि पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिले. ती कार्डं लावत होती. लावून झाली, उठली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मग माझा एक हात उचलून तिने आपल्या गळ्यात घातला. मग दुसरा.

गाड्या करताना वेळेवर जेवत जा. माझी फार आठवण काढू नकोस, थोडी काढ.
तुझी दमलेली ताई