वरचा कप्पा इथे

३ फेब्रुवारी, सोमवार

पाणी भरून झालं होतं, भाकऱ्या बांधल्या होत्या, मी ओटा पुसत होते. हे डबा घेऊन निघाले आणि दारातूनच परत आले. म्हणाले, "अगं, जरा हात वर कर." मी म्हटलं, "का? पोलीस आलेत?" नुसते हसले. मग गेले उल्हासनगरला, फर्निचरच्या दुकानात, कामावर. हेंद्रेपाड्यातलं हे घर तेव्हा नवीन होतं. तीस वर्षं झाली.

आज का आठवलं? सुनेमुळे. किर्ती म्हणाली, "आई, नव्या किचनचं स्केच आलं." मोबाइलवर दाखवलं. छान आहे. ह्यांनी केलेलं ओट्याजवळचं कपाट त्यात नाही. शनिवारी काढणार.

मी 'बरं' म्हटलं.

४ फेब्रुवारी

स्केच. ह्यांच्या कामातला रोजचा शब्द. सिंधी शेठ म्हणायचे, "मिस्त्री, पहले स्केच दिखाओ." मला वाटायचं, लाकडाचाच एखादा प्रकार असेल. विचारलं कधीच नाही.

आज रद्दीतून आणलेला शब्दकोश काढला. कच्चं रेखाचित्र. आराखडा. थोडक्यात वर्णन. पेपरात तर चोराचंही स्केच येतं, ज्याने पाहिलं त्याच्या आठवणीवरून काढलेलं. म्हणजे अजून न झालेल्या वस्तूचं असतं, आणि निघून गेलेल्या माणसाचंही. एवढ्याशा शब्दात केवढी जागा!

५ फेब्रुवारी

शब्द डोक्यातून जात नाही. दोनदा दूध उतू गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कपाट रिकामं केलं. आत मागच्या फळीला ह्यांनीच चिकटवलेला कागद होता, तो ओला करून सोलला. खाली प्लायवर पेन्सिलीच्या रेघा.

एक बाई. एक हात वर, दुसऱ्यात फडकं. तोंड काढलेलं नाही, पण अंबाडा माझाच. बोटांपाशी आडवी रेघ – 'वरचा कप्पा इथे.' गुडघ्याच्या वर दुसरी – 'खालचा. वाकायला नको.'

तीस वर्षं मी ना टाचा उचलल्या, ना कंबर मोडली. मला वाटायचं, कपाटं अशीच असतात. केवढं काम करून ठेवलं, आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

संध्याकाळी सांगून टाकलं, कपाट जाणार नाही. कल्पेश चिडला. "आई, मिस्त्रीला शब्द दिलाय." म्हटलं, "तुझा बापही मिस्त्रीच होता." किर्तीने बाहेर काढलेले डबे पुसायला घेतले.

७ फेब्रुवारी

किर्ती डबे परत लावत होती. स्टूल ओढलं, चढली, डबा ठेवला, उतरली. पुन्हा चढली. ती माझ्या खांद्याला लागते. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून स्टूल तिथेच आहे. मी ते रोज पुसते.

विचारलं, "कधी बोलली का नाहीस?"

"बाबांनी केलेलं ना, आई. आणि स्टूल आहे की."

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मिस्त्री यायच्या आधी कपाट पुन्हा रिकामं केलं आणि किर्तीला ओट्यापाशी उभं केलं. म्हटलं, हात वर कर. ह्यांच्या पेन्सिलीने तिच्या बोटांपाशी भिंतीवर रेघ ओढली.