डोळ्याभोवतीचं पिवळं कडं

६ जानेवारी

दादा म्हणतो, तळ्यावर ‘ठेंगू’ आलाय. पांढऱ्या कपाळाचा ठेंगणा हंस! इकडे तो वाट चुकूनच येतो. कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नाही. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. परवाच दादा कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ता विसरला होता. डॉक्टरांनी विचारलंय, भास होतात का? वहिनीने हंस लगेच भासांच्या खात्यात जमा केला.

दादा मला म्हणाला, “शास्त्रीबुवा, तू तरी बघून ये. कपाळावर जाऊ नकोस, त्याच्या थोरल्या भाऊबंदांचंही पांढरंच असतं. डोळा बघ. भोवती पिवळं कडं असलं तरच तो.”

८ जानेवारी

तळ्यावर कलहंसच कलहंस. शेकडो राखाडी पाठी, माना पंखांत, सगळे झोपलेले! आमच्या संस्कृतातला हंस दुधातून पाणी वेगळं काढायचा. मला हंसांतून हंस काढता येईना.

वर्तमानपत्राच्या संपादकांचा फोन — “पालिकेच्या सभेच्या बातमीला का नाही गेलात?” म्हटलं, तिथे सगळे बगळेच.

९ जानेवारी

धुकं. स्वतःचे बूट दिसेनात.

११ जानेवारी

वहिनीने अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत जागा बघितलीय. पंधरा तारखेला दादाला तिथे ठेवायचं. ती तरी काय करणार, रात्र रात्र दाराशी बसते. “भाऊजी, हंस सापडला म्हणून माणूस बरा होतो का?”

होतो, वहिनी. व्हायलाच हवा.

१२ जानेवारी

पुन्हा नाही. काव्यात हंस निरोप पोचवतात. अरे, निरोप राहू दे — नुसती मान वर कर!

१३ जानेवारी

दिसला!! कळपाच्या कडेला, बाकीच्यांहून लहान, आखूड गुलाबी चोच. मान वर केली — पिवळं कडं! घाईघाईत पहिले फोटो निव्वळ चिखलाचे. मग एक साधला. या वयात त्याच चिखलात बसून रडलो. दादाचं डोकं ठिकाणावर आहे! वहिनीला फोनवर ओरडून सांगितलं, “संस्थेला नाही म्हणून कळवा!” ती म्हणाली, “आधी घरी या.”

१३ जानेवारी, संध्याकाळ

दादाने फोटो क्षणात ओळखला. “ठेंगूच! कडं बघा. पंखही शेपटीच्या पुढे गेलेत.” मग माझ्याकडे पाहून अदबीने हसला.

“फोटो उत्तम काढलात हो. माझ्या धाकट्या भावालाही दाखवा. बिचारा आठवडाभर शोधतोय.”