इंजिनाला अंघोळ

मद्रास, आयुधपूजा, १९५८. संध्याकाळ.

सकाळी पूजेत सासूबाईंनी मोटारीचं बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनावर तांब्याभर पाणी ओतलं. हळदकुंकू पुरलं असतं. पण हे गप्प, म्हणून मीही गप्प.

दुपारी माझ्या बाबांना एग्मोर स्टेशनवर निरोप द्यायला निघालो. दुखणं असं की तंजावरहून ते परत येणार नाहीत. वाटेत मोटार आचके देत बंद पडली. ह्यांनी इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, आत सकाळचं पाणी. ते पुसून वाळवेपर्यंत आगगाडी सुटली. बाबा खिडकीतून बघत असतील का?

घरी सासूबाईंनी विचारलं, "भेटले का गं वडील?"

मी बोलायच्या आत हे म्हणाले, "कुठले, आई. हिचं आवरेचना."

"बापासाठीसुद्धा नटायचं होतं का?"

मी पानं वाढली. ह्यांनी भात दोनदा मागून घेतला.